‘ऑफ’ नेमका कुठे ठेवायचा? फ्रेजल व्हर्बविषयी वाचकांचे प्रश्न

इंग्रजीविषयी या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं एकाच जागी अडलेली दिसली: फ्रेजल व्हर्ब. टर्न, पुट, गेट, लुक यांसारखं साधं क्रियापद आणि त्याला लागून येणारा अप, डाउन, ऑफ, आउट यांसारखा छोटा शब्द. दोन्ही मिळून अर्थ एकच. ‘गिव्ह’ म्हणजे देणं, पण ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणं, हार मानणं. उदाहरणं मोठ्याने वाचता यावीत म्हणून इंग्रजी वाक्यं देवनागरीतच छापली आहेत. बंद करण्यातला तो ‘ऑफ’ आणि ‘चा-ची-चे’ या अर्थाचा तो ‘ऑव्ह’, एवढा फरक ध्यानात ठेवून वाचावं.

प्रश्न: मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला शिकवते. मुलं ‘ऑफ द फॅन’, ‘क्लोज द लाइट’ म्हणतात. ‘स्विच ऑफ’ शिकवलं की ‘स्विच ऑफ इट’ लिहितात. हे कसं समजावून सांगावं?
— शिक्षिका, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर: या चुकांची मुळं वेगवेगळी आहेत, म्हणून त्या एकाच तासात शिकवू नका.

‘ऑफ द फॅन’ ही चूक मराठीतून येते. आपण ‘पंखा ऑफ कर’ म्हणतो. त्यात क्रियापद ‘कर’ आहे. मूल इंग्रजीत बोलताना ‘कर’ गाळतं आणि उरलेल्या ‘ऑफ’लाच क्रियापद समजतं. इंग्रजीत ‘ऑफ’ला इथे एकट्याने काम भागवता येत नाही, आधी ‘स्विच’ किंवा ‘टर्न’ लागतंच. ‘क्लोज द लाइट’ येतं ते ‘बंद कर’मधून. मराठीत दार, पेटी, पंखा, दिवा, नळ, सगळंच बंद होतं. इंग्रजीत दार, पेटी, पुस्तक, डोळे यांना ‘क्लोज’ किंवा ‘शट’. वीज, पाणी, गॅस यांवर चालणाऱ्या वस्तूंना ‘टर्न ऑफ’. बटण असेल तर ‘स्विच ऑफ’ही चालतं. नळाला बटण नसतं, म्हणून तिथे ‘टर्न ऑफ द टॅप’च.

आता ‘स्विच ऑफ इट’. फळ्यावर ही चार वाक्यं एकाखाली एक लिहा:

स्विच ऑफ द फॅन. (बरोबर)
स्विच द फॅन ऑफ. (बरोबर)
स्विच इट ऑफ. (बरोबर)
स्विच ऑफ इट. (चूक)

कर्म नाम असेल तर छोटा शब्द त्याच्या आधी किंवा नंतर, दोन्हीकडे चालतो. कर्म सर्वनाम असेल, म्हणजे इट, देम, हिम, हर, मी, तर ते मधेच बसलं पाहिजे. यामागे कारण आहे. इंग्रजी वाक्यात जोर साधारणपणे शेवटाकडे जातो, आणि ‘इट’ ही आधीच ठाऊक असलेली वस्तू असल्यामुळे तिच्यावर जोर द्यायचा नसतो. म्हणून ‘इट’ मधे दबतं आणि ‘ऑफ’ शेवटी ठसक्यात येतो. कर्म लांबलचक असेल तर मात्र क्रियापद आणि छोटा शब्द जवळजवळच ठेवावेत: ‘टर्न ऑफ द मोटर बिहाइंड द कॅटल शेड.’ ‘टर्न’ सुरुवातीला आणि ‘ऑफ’ पार गोठ्याच्या मागे गेला, तर ऐकणारा मधेच अडकतो.

यानंतरच न तुटणाऱ्या जोड्या घ्या. ‘लुक आफ्टर द कॅटल’चं ‘लुक आफ्टर देम’ होतं, ‘लुक देम आफ्टर’ कधीच नाही. ओळखायचं कसं? छोटा शब्द आफ्टर, ॲट, फॉर, इन्टू, विथ यांपैकी असेल तर तो पुढच्या नामाला धरून असतो, जोडी तुटत नाही. अप, डाउन, आउट, अवे, बॅक यांपैकी असेल आणि वाक्यात कर्म असेल, तर जोडी बहुतेक वेळा तुटते. ऑन, ऑफ आणि ओव्हर दोन्हीकडचे आहेत, त्यांच्याकडे लक्ष द्यावं लागतं. ‘टर्न ऑफ द मोटर’ आणि ‘टर्न ऑफ द रोड’ दिसायला सारखीच. पहिल्यात मोटर बंद करायची आहे, म्हणून ‘टर्न इट ऑफ’. दुसऱ्यात रस्ता सोडून वळायचं आहे, तिथला ‘ऑफ’ रस्त्याचा आहे, म्हणून ‘टर्न द रोड ऑफ’ म्हटलं तर वाक्यच मोडतं.

वर्गात दहा मिनिटांचा सराव पुरतो. मुलांच्या जोड्या लावा. एकाने नाम घेऊन सांगायचं, दुसऱ्याने सर्वनाम घालून तेच म्हणायचं. ‘पिक अप द चॉक’, ‘पिक इट अप’. ‘टेक ऑफ युअर बॅग’, ‘टेक इट ऑफ’. ‘पुट ऑन युअर चप्पल्स’, ‘पुट देम ऑन’. चप्पल या उदाहरणात मुलं हमखास ‘इट’ म्हणतात. दोन पायांच्या दोन, म्हणून ‘देम’. शेवटचा शब्द मोठ्याने म्हणायला लावा: पिक इट अप. मग अचानक ‘लुक ॲट द बोर्ड’ द्या. ज्याने ‘लुक इट ॲट’ म्हटलं त्याला न टोकता दोन्ही वाक्यं पुन्हा ऐकवा. ‘लुक ॲट इट’मध्ये जोर ‘लुक’वर पडतो, ‘ॲट’वर नाही, फरक कानाला कळतो. लिखाण दुसऱ्या दिवशी. आधी लिहायला लावलं की मुलं शब्दांच्या जागा डोळ्यांनी पाठ करतात आणि बोलताना पुन्हा चुकतात.

प्रश्न: तलाठी भरतीच्या तयारीसाठी तीनशे फ्रेजल व्हर्बची यादी मराठी अर्थासह पाठ केली. सराव पेपरात मात्र पुट ऑफ, पुट आउट, पुट अप यांत गोंधळ होतोच. पाठांतर कसं करावं?
— पदवीधर, वरुड, जि. अमरावती

उत्तर: तुमची चिकाटी उत्तम आहे, पण यादीची मांडणीच तुम्हाला फसवते आहे. एका ‘पुट’खाली आठ अर्थ ओळीने लिहिले की डोक्यात ते एकमेकांत मिसळणारच. यादीत कर्म नसतं, आणि फ्रेजल व्हर्बचा अर्थ बऱ्याचदा कर्मावरून ठरतो. २०२३ च्या तलाठी भरतीत १०० पैकी २५ प्रश्न इंग्रजीचे होते. एवढ्या वजनाचा भाग नुसत्या यादीच्या भरवशावर सोडू नये.

दोन बदल करा.

पहिला: मांडणी छोट्या शब्दाप्रमाणे करा. ‘अप’मध्ये अनेकदा ‘पुरतं करून टाकण्याचा’ भाव असतो, आणि तो मराठी माणसाला मुद्दाम शिकावा लागत नाही. ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाक, ‘ड्रिंक अप’ म्हणजे पिऊन टाक, ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपव, ‘टेअर अप’ म्हणजे फाडून टाक, ‘ड्राय अप’ म्हणजे पार आटून जाणं: ‘द वेल हॅज ड्राइड अप.’ आपण ‘टाक’ आणि ‘जा’ लावून जे साधतो, ते इंग्रजी माणूस ‘अप’ लावून साधतो. ‘आउट’मध्ये संपणं, बाहेर येणं, वाटणं: रन आउट, फाइंड आउट, हँड आउट. ‘ऑफ’मध्ये तुटणं, निघणं, रद्द होणं: कट ऑफ, सेट ऑफ, कॉल ऑफ. ‘डाउन’मध्ये कमी होणं, थांबणं, कागदावर उतरणं: स्लो डाउन, शट डाउन, राइट डाउन. ‘ऑन’मध्ये चालू राहणं: गो ऑन, कॅरी ऑन. हे गट आधारासाठी आहेत, नियम म्हणून नाहीत. ‘टेक आफ्टर’ म्हणजे आई-बापावर जाणं, ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणं, ‘डू अवे विथ’ म्हणजे एखादी प्रथा वा नियम काढून टाकणं. असे पंचवीस-तीस शब्द अख्खेच पाठ करावे लागतात.

दुसरा बदल: वहीत अर्थाऐवजी वाक्य लिहा, आणि ते तुमच्या गावचं असू द्या. ‘द मान्सून हॅज सेट इन’, मृग लागला की हे वाक्य रोज वापरता येतं. ‘द रेन हॅज नॉट लेट अप’, झड सुटायचं नाव घेत नाही. ‘द हेल वाइप्ड आउट द ऑरेंज क्रॉप’, वरुडच्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. रोज पाच वाक्यं. दुसऱ्या दिवशी त्यांतला छोटा शब्द झाकून म्हणा, चौथ्या दिवशी पुन्हा, मग आठवड्याने. जे दोनदा अडलं ते वेगळ्या पानावर.

पेपरात पर्याय वाचायच्या आधी रिकाम्या जागेच्या पुढचा शब्द पाहा. पुढे ‘मीटिंग’ किंवा ‘वेडिंग’ असेल तर पुट ऑफ, पुढे ढकलणं. ‘फायर’ असेल तर पुट आउट, विझवणं. ‘शर्ट’ असेल तर पुट ऑन. आणि जागेनंतर ‘विथ’ छापलेला असेल, तर पुट अप. ‘ऑव्ह’ दिसला की रन आउट आठवा. ‘कॉल ऑफ’ आणि ‘पुट ऑफ’ दोन्ही पर्यायांत असतील तर वाक्यात नवी तारीख शोधा: तारीख दिली असेल तर कार्यक्रम पुढे ढकलला, म्हणजे पुट ऑफ, कायमचा रद्द झाला असेल तर कॉल ऑफ. आणखी एक फसवी जोडी: ‘ब्रेक आउट’ आणि ‘ब्रेक इन्टू’. रोगाची साथ, आग, युद्ध ‘ब्रेक आउट’ होतं आणि त्याला कर्म नसतं. चोर घरात ‘ब्रेक इन्टू’ करतो आणि तिथे घर हे कर्म लागतंच.

तुम्हालाच हे जड जातं असं समजू नका. १७५५ साली इंग्रजीचा मोठा शब्दकोश सिद्ध करणाऱ्या सॅम्युएल जॉन्सन यांनी त्याच्या प्रस्तावनेतच नमूद केलं आहे की परकीयांना सर्वांत जास्त अडचण येते ती क्रियापदाला असा शब्द जोडण्याच्या रीतीची.

प्रश्न: जिनिंगमध्ये मशीन ऑपरेटर आहे. मशीन कंपनीचा इंजिनिअर परराज्यातला, फोनवर इंग्रजीच बोलतो. ‘लाइन गेली’, ‘मोटर जळाली’, ‘पट्टा निघाला’ हे त्याला कसं सांगायचं? त्याचं बोलणंही अर्धं डोक्यावरून जातं.
— वाचक, हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर: तुमचं काम जवळजवळ सगळंच फ्रेजल व्हर्बवर चालणारं आहे, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर देतो.

‘द लाइन हॅज गॉन’ म्हणू नका, त्याला फोनची लाइन वाटेल. ‘द पॉवर हॅज गॉन ऑफ’ म्हणजे लाइन गेली. ‘इट केम बॅक ऑन ॲट फोर’ म्हणजे चारला आली. घडीघडी जात असेल तर ‘इट कीप्स गोइंग ऑफ’. मोटर चालता चालता मधेच बंद पडत असेल तर ‘द मोटर कीप्स कटिंग आउट’; चालूच होत नसेल तर ‘इट वोन्ट स्टार्ट अप’. हे दोन बिघाड वेगळे आहेत आणि इंजिनिअर त्यावरून वेगवेगळं तपासायला सांगेल, म्हणून इथे घोळ नको.

जळण्याचेही प्रकार आहेत. मोटर किंवा कॉइल आतून जळाली तर ‘बर्न आउट’: ‘द मोटर हॅज बर्न्ट आउट.’ इमारत जळून खाक झाली तर ‘बर्न डाउन’. मोटरच्या बाबतीत चुकून ‘बर्न डाउन’ म्हटलंत, तर तो आधी तुमची जिनिंग शाबूत आहे का, हे विचारेल. अजून जळालेली नाही, पण वास येतोय? ‘इट इज गिव्हिंग ऑफ अ बर्निंग स्मेल.’ धूर निघतोय? ‘स्मोक इज कमिंग आउट ऑव्ह इट.’

पट्टा निघाला: ‘द बेल्ट हॅज कम ऑफ.’ बेअरिंग झिजली: ‘द बेअरिंग हॅज वोर्न आउट.’ बोल्ट तुटून पडला: ‘द बोल्ट हॅज ब्रोकन ऑफ.’ रोलरभोवती रुई साचते: ‘कॉटन बिल्ड्स अप अराउंड द रोलर.’ राखीव पट्टे संपले: ‘वी हॅव रन आउट ऑव्ह स्पेअर बेल्ट्स.’ आणि मशीनच बंद पडलं तर ‘द मशीन हॅज ब्रोकन डाउन.’ इथे एक काळजी घ्या. या अर्थाने ‘ब्रेक डाउन’ला कर्म लागत नाही, मशीन आपलं आपण बंद पडतं. ‘ऑपरेटर ब्रोक डाउन द मशीन’ म्हणता येत नाही, आणि ‘द ऑपरेटर ब्रोक डाउन’ एवढंच म्हटलं तर ऑपरेटरला रडू कोसळलं असा अर्थ होतो.

बंद करण्याच्या बाबतीत सुरक्षेसाठी शब्द नेमका असावा. ‘शट इट डाउन’ म्हणजे मशीन पद्धतशीर बंद करणं. ‘शट ऑफ द सप्लाय’ म्हणजे येणारा पुरवठा तोडणं. ‘स्विच ऑफ ॲट द मेन्स’ म्हणजे मुख्य स्विचवरून वीज बंद करणं. मशीनमध्ये हात घालायच्या आधी यांतलं नेमकं काय केलंय, हे त्याला सांगा आणि त्याच्याकडून वदवून घ्या.

आता त्याचं बोलणं. ‘टेक इट अपार्ट’ म्हणजे खोला. ‘क्लीन इट आउट’ म्हणजे आतून साफ करा. ‘पुट इट बॅक टुगेदर’ म्हणजे परत जोडा. ‘ट्राय इट आउट’ म्हणजे चालवून पाहा. ‘होल्ड ऑन’ म्हणजे जरा थांबा, फोन ठेवू नका. ‘हँग अप’ म्हणजे फोन ठेवणं. तो ‘यू आर ब्रेकिंग अप’ म्हणाला तर घाबरू नका, तुमचा आवाज तुटतोय एवढंच. रेंज असलेल्या जागी जा. ‘स्पीक अप’ म्हणजे मोठ्याने बोला. ‘आय विल गेट बॅक टू यू’ म्हणजे विचारून कळवतो. तो ‘परत येतो’ असं म्हणत नाहीये, वाट पाहत बसू नका.

हे सगळं ऐकताना तुटक का वाटतं, तर बोलण्यात शब्द जोडले जातात. ‘टेक इट अपार्ट’चं ‘टेकिटपार्ट’ होतं, ‘टर्न इट ऑफ’चं ‘टर्निटॉफ’. तुम्हीही तसंच जोडून दहा-दहा वेळा मोठ्याने म्हणा. जे स्वतःच्या तोंडातून निघालं, ते कान लवकर पकडतो.

प्रश्न: मुलाखतीत मी ‘आय पास्ड आउट इन २०२१’ म्हणाले. समोरचे सर हसले. काय चुकलं?
— वाचक, ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

उत्तर: हसायचं कारण नव्हतं, भारतात ‘पास आउट’ शिक्षण पूर्ण करण्यासाठी सर्रास वापरतात आणि सगळ्यांना ते समजतं. भारताबाहेर मात्र ‘पास आउट’ म्हणजे आधी शुद्ध हरपणंच ऐकू येतं. मुलाखतीत ‘आय ग्रॅज्युएटेड इन २०२१’ किंवा ‘आय कम्प्लीटेड माय बी.एस्सी. इन २०२१’ म्हणा, कुठेच अडत नाही.

मुलाखतीत आणि अर्जात आणखी काही ठिकाणी छोटा शब्द नको तिथे चिकटतो. ‘कोप अप विथ’ नाही, ‘कोप विथ’. ‘डिस्कस अबाउट’ नाही, नुसतं ‘डिस्कस’. ‘रिटर्न बॅक’ नाही, ‘रिटर्न’. त्यातच ‘परत’ आहे. याउलट ‘कॉल मी बॅक’मध्ये ‘बॅक’ हवाच, कारण ‘कॉल’मध्ये परत नाही. ‘व्हेअर डू यू पुट अप?’ असं आपल्याकडे विचारतात. त्याऐवजी राहत्या घराबद्दल ‘व्हेअर डू यू लिव्ह?’ आणि मुक्कामाबद्दल ‘व्हेअर आर यू स्टेइंग?’.

आणि एक चूक, जी इंग्रजी चांगलं असलेल्यांकडूनही होते: ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’. इथला ‘टू’ क्रियापदाचा नसून नामाआधी येणारा आहे, म्हणून पुढे ‘आयएनजी’ लागतं: ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’. तपासायची युक्ती सोपी आहे. ‘टू’नंतर नुसतं नाम ठेवून पाहा. ‘लुकिंग फॉरवर्ड टू द इंटरव्ह्यू’ चालतं ना? मग क्रियापद आलं तरी नामासारखंच यायला हवं. ‘आय ॲम यूज्ड टू वर्किंग लेट’लाही हेच लागू.

प्रश्न: एसटीतून उतरणं म्हणजे ‘गेट डाउन’ की ‘गेट ऑफ’?
— कॉलेज विद्यार्थी, मेहकर, जि. बुलडाणा

उत्तर: ‘गेट ऑफ द बस’. ‘गेट डाउन’ आपल्याकडे चालतं, पण इतरत्र ते झाडावरून किंवा शिडीवरून खाली येण्यासाठी वापरतात. ज्यात उभं राहून चालता येतं किंवा ज्यावर टांग टाकून बसतो, त्याला ऑन-ऑफ: बस, रेल्वे, सायकल, मोटरसायकल, घोडा. ज्यात वाकून शिरतो त्याला इन आणि आउट ऑव्ह: कार, ऑटो. आणखी एक, ‘गेट ऑफ’मधला ‘ऑफ’ बसचा आहे, म्हणून ‘गेट इट ऑफ’ होत नाही. ‘गेट ऑफ इट’च.

प्रश्न: ग्रामपंचायतीत डेटा ऑपरेटर आहे. वरच्या कार्यालयाला इंग्रजीत मेल करावे लागतात. त्यात फ्रेजल व्हर्ब वापरू नयेत असं एक जण म्हणतो. खरं आहे का?
— वाचक, साकोली, जि. भंडारा

उत्तर: अर्धं खरं आहे. इंग्रजीत एकाच अर्थाचे दोन शब्द बरेचदा मिळतात: एक बोलण्यातला फ्रेजल व्हर्ब आणि दुसरा लॅटिनमधून, पुष्कळदा फ्रेंचमार्गे, आलेला एकशब्दी. पुट ऑफ आणि पोस्टपोन, पुट आउट आणि एक्स्टिंग्विश, पुट अप विथ आणि टॉलरेट, लुक इन्टू आणि इन्व्हेस्टिगेट. दुसरा गट जास्त औपचारिक वाटतो. पण सगळेच फ्रेजल व्हर्ब घरगुती नाहीत. कॅरी आउट, सेट अप, हँड ओव्हर, टेक ओव्हर हे कुठल्याही सरकारी अहवालात शोभतात. ‘रिपेअर्स वेअर कॅरीड आउट’ हे उत्तम कार्यालयीन वाक्य आहे. टाळायचे ते मुख्यतः ‘गेट’चे: ‘गेट रिड ऑव्ह’ऐवजी ‘रिमूव्ह’, ‘गेट बॅक’ऐवजी ‘रिकव्हर’.

डीपी जळाल्याचं पत्र असं लिहिता येईल: ‘द ट्रान्सफॉर्मर निअर द स्कूल हॅज बर्न्ट आउट अँड द सप्लाय हॅज बीन कट ऑफ सिन्स मंडे. काइंडली हॅव इट रिप्लेस्ड.’ दोन फ्रेजल व्हर्ब आहेत, आणि दोन्ही जागच्या जागी आहेत. ‘फाइल पुट अप करणं’ ही भारतीय कार्यालयांची रूढ भाषा आहे. कार्यालयात खुशाल वापरा, बाहेरच्या कंपनीला लिहिताना ‘सबमिट’ म्हणा.

तुमच्या कामात फॉर्म येतात, म्हणून हेही: फॉर्म ‘फिल इन’ करायचा, अमेरिकन इंग्रजीत ‘फिल आउट’. ‘फिल अप’ टाकी, बादली, पोतं यांच्यासाठी.

मेलमध्ये डोळ्यांना खुपणारी चूक म्हणजे जोडून लिहिणं. क्रियापद असेल तेव्हा दोन शब्द, नाम असेल तेव्हा बहुतेक एकच शब्द किंवा मधे जोडरेघ. ‘प्लीज लॉग इन’ सुटं, ‘युअर लॉगिन’ जोडून. ‘वी बॅक अप द डेटा’ सुटं, ‘द बॅकअप इज रेडी’ जोडून. उच्चारही बदलतो: क्रियापदात जोर दुसऱ्या शब्दावर, नामात पहिल्यावर. अशी नामं आपल्या बोलण्यात आधीच रुळली आहेत. चेकअप, फॉलोअप, कटऑफ, ब्रेकडाउन, संत्री वाहून नेणारी पिकअप, नागपूरकडे प्लॉट पाडलेल्या जागेला म्हणतात तो लेआउट. या प्रत्येकाच्या मागे एक फ्रेजल व्हर्ब उभा आहे: पिक अप म्हणजे उचलून घेणं, ले आउट म्हणजे आखून मांडणं. या ओळखीच्या नामांवरून सुरुवात केली तर निम्मी भीती तिथेच जाते.

प्रश्न: आम्ही दोघं शेती करतो, शिक्षण दहावीपर्यंत. पोरगी इंग्रजी शाळेत दुसरीत आहे. घरी तिच्याशी काय बोलावं?
— आई, ता. रिसोड, जि. वाशिम

उत्तर: ताई, मुलीशी सगळं बोलणं मराठीतच ठेवा, ते तिच्या विचारांसाठी गरजेचं आहे. रोजच्या आठ-दहा सूचना मात्र इंग्रजीत द्या आणि त्या कामासोबतच द्या, बसवून नाही. सकाळी ‘वेक अप’ म्हणजे जागी हो, ‘गेट अप’ म्हणजे अंथरुणातून ऊठ. दोन्ही वेगळे आहेत, आणि जागी होऊन लोळत पडलेल्या मुलीला हा फरक लगेच समजतो. ‘पुट ऑन युअर शूज.’ ‘हरी अप.’ शाळेतून आली की ‘टेक ऑफ युअर युनिफॉर्म.’ खेळ पसरला असेल तर ‘पिक देम अप’ आणि ‘पुट देम अवे’, म्हणजे उचल आणि जागेवर ठेव. जेवताना ‘ईट अप’, रात्री ‘लाय डाउन’. शब्द न बदलता पंधरा दिवस तीच वाक्यं चालू द्या. ती उलट तुम्हाला ‘आई, हरी अप’ म्हणाली, तर रागावू नका. नेमकं तेच हवं आहे.

प्रश्न: क्रिकेटमधला ‘रन आउट’ आणि डिझेल संपण्यातला ‘रन आउट’ एकच का?
— वाचक, काटोल, जि. नागपूर

उत्तर: शब्द तेच, वागणूक वेगळी. क्रिकेटमध्ये कोणी तरी कोणाला तरी बाद करतो, म्हणून कर्म लागतं आणि सर्वनाम मधे येतं: ‘दे रॅन हिम आउट’, किंवा ‘ही वॉज रन आउट’. डिझेलच्या बाबतीत संपणारी वस्तू कर्ता असेल तर पुढे काहीच लागत नाही: ‘द डिझेल हॅज रन आउट.’ माणूस कर्ता असेल तर ‘ऑव्ह’ लागतोच: ‘वी हॅव रन आउट ऑव्ह डिझेल.’ ‘ऑव्ह’ गाळून ‘वी हॅव रन आउट डिझेल’ म्हटलं तर वाक्य चुकतं, आणि ‘द डिझेल वॉज रन आउट’ म्हटलं तर कोणी तरी डिझेललाच धावबाद केल्यासारखं होतं.